मुलांच्या हाती पहिला प्याला कोण देतो?

नाताळ आणि मे महिन्यातील लग्नसराई आटोपली की आमच्याकडे एका विशिष्ट चिंतेने येणाऱ्या पालकांची संख्या दरवर्षी वाढते. कुणाचा मुलगा बारावीत असतो, कुणाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, तर कुणाची मुलगी शिक्षणासाठी पुण्याला किंवा बंगळुरूला वसतिगृहात राहत असते. तक्रार मात्र एकच असते : "फादर, मूल दारू प्यायला लागले आहे. कुठे शिकले, तेच कळत नाही."

काही वर्षांपूर्वी आमच्या परिसरातील एक वडील असेच आले. महाविद्यालय, मित्रमंडळी, मोबाइल या सर्वांना त्यांनी दोष दिला. पुढे आम्ही मुलाशी निवांतपणे बोललो, तेव्हा तो म्हणाला, "फादर, पहिला ग्लास मला काकांनी दिला. दादाच्या लग्नात, मांडवाच्या मागे. मी नववीत होतो. पप्पा तिथेच उभे होते. ते हसले." वडिलांना हा प्रसंग आठवतही नव्हता. मुलगा मात्र तो विसरला नव्हता. त्या कुटुंबाच्या संमतीनेच आम्ही हे लिहीत आहोत, कारण ही केवळ एका घराची गोष्ट नाही.

मुलांच्या मद्यपानाचे मूळ आपण नेहमी घराबाहेर शोधतो. बाहेरचे मोह खरेच आहेत. परंतु पुष्कळदा पहिली परवानगी घरातूनच मिळालेली असते. कधी ती शब्दांनी मिळते, कधी हसण्याने, तर कधी मौनाने. म्हणूनच या प्रश्नाची सुरुवात पालकांनी स्वतःपासून करणे आवश्यक आहे.

कोवळ्या वयात धोका अधिक का?

मनुष्याच्या मेंदूची वाढ साधारणतः वयाच्या पंचविशीपर्यंत चालू असते. परिणामांचा विचार करणारा, मोहाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग सर्वांत शेवटी परिपक्व होतो. नेमक्या त्याच काळात मद्याची सवय लागली, तर ती खोलवर रुजते. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसून आले, की पंधरा वर्षांच्या आत मद्यपान सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक पुढे कधी ना कधी मद्याच्या आहारी गेले. विसाव्या वर्षी किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. म्हणजे पहिला प्याला जितका पुढे ढकलता येईल, तितके मुलाचे हित साधते.

आपल्या देशात केंद्र सरकारने दिल्लीच्या 'एम्स'मार्फत केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय मद्यपान करतात आणि त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. मद्य हे कर्करोगास कारणीभूत ठरणारे द्रव्य असल्याचे १९८८ सालीच मान्य झाले आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णपणे सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले.

"बियर म्हणजे काही दारू नव्हे," हे वाक्य आपल्या घरांत सर्रास ऐकू येते. थोडा हिशेब करून पाहावा. आठ टक्के मद्यार्क असलेल्या 'स्ट्राँग' बियरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ५२ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. साठ मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या दोन मोठ्या पेगांतही जवळजवळ तेवढाच असतो. मुलाने 'फक्त एक बियर' घेतली असे म्हणताना हे ध्यानात असावे.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात बियरसाठी २१ वर्षे आणि इतर कडक मद्यासाठी २५ वर्षे वय पूर्ण झालेले असणे कायद्याने आवश्यक आहे. म्हणजेच आपल्या महाविद्यालयीन मुलांपैकी बहुतेक जण या मर्यादेच्या आत येतात. शिवाय २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमानुसार, डॉक्टरांच्या आदेशाविना अठरा वर्षांखालील मुलाला मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मांडवामागे हौसेने ग्लास पुढे करणाऱ्या काकांना आणि मामांना हे ठाऊक असावे.

मद्य आणि वाहन यांचा संयोग तर प्राणघातक आहे. मद्यपान करून वाहन चालविल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होण्याची तरतूद २०१९ साली कायद्यात झाली आहे. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगर येथे सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा अंत झाला. तो मुलगा मद्यप्राशन करून आला होता, असा पोलिसांचा आरोप आहे. त्या प्रकरणात मुलाचे आईवडीलही अटकेत गेले, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. स्वस्त दारूसाठी महामार्गाने दमणला मोटारसायकलीवरून जाणारी वसई परिसरातील मुले आणि त्यांना गाडीची चावी देणारे पालक यांनी या घटनेपासून बोध घ्यावा.

श्रद्धेची शिकवण

ख्रिस्तसभा द्राक्षारसाला पाप म्हणत नाही. काना गावच्या लग्नात प्रभू येशूने पाण्याचा द्राक्षारस केला. या प्रसंगाचा दाखला आपल्याकडे मांडवात मोठ्या उत्साहाने दिला जातो. परंतु द्राक्षारस पिऊन मस्त होऊ नका, असे संत पौलाने इफिसकरांस बजावले, त्याचा दाखला तेवढ्या उत्साहाने दिला जात नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात मद्याचा अतिरेक हा संयमाच्या सद्गुणाविरुद्ध मानला आहे. मद्याच्या धुंदीत रस्त्यावर स्वतःचा वा इतरांचा जीव धोक्यात घालणारे गंभीर दोषास पात्र ठरतात, असेही त्यात म्हटले आहे.

आयर्लंडमधील डब्लिनचे मॅट टॅलबट वयाच्या बाराव्या वर्षी दारूच्या दुकानात कामाला लागले आणि लवकरच व्यसनाधीन झाले. १८८४ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांनी प्रथम तीन महिन्यांसाठी, पुढे सहा महिन्यांसाठी आणि शेवटी आजन्म मद्यत्यागाची शपथ घेतली. १९२५ साली मृत्यू येईपर्यंत ती पाळली. ख्रिस्तसभेने १९७५ साली त्यांना 'वंदनीय' म्हणून घोषित केले. त्याच देशात आजही अनेक मुले दृढीकरण संस्काराच्या वेळी अठरा वर्षांपर्यंत मद्याला न शिवण्याचे वचन देतात. आपल्या धर्मग्रामांनीही अशा वचनाचा विचार करण्यास काय हरकत आहे?

पालकांनी काय करावे?

प्रथम आई आणि वडील यांचे एकमत असावे. एकाने रागवायचे आणि दुसऱ्याने पांघरूण घालायचे, असे झाले की मूल त्या फटीतून निसटते.

दुसरे, मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की या विषयावर बोलण्यास प्रारंभ करावा. एकदाच दीर्घ प्रवचन देण्यापेक्षा थोडे थोडे, सहज बोलावे. "कायद्याने ठरवलेले वय होईपर्यंत आपल्या घरात तुला मद्य मिळणार नाही, आणि बाहेरही तू घेऊ नयेस अशी आमची इच्छा आहे," हे वाक्य एकदा तरी स्पष्टपणे उच्चारले गेले पाहिजे. मित्रांनी आग्रह केल्यास नकार कसा द्यावा, हेही मुलाला सुचवावे. मूल वसतिगृहात राहत असेल, तर फोनवर केवळ गुणांची चौकशी करू नये. शनिवार-रविवार कसा गेला, हेही आपुलकीने विचारावे.

तिसरे, स्वतःचे आचरण तपासावे. मुलाला दुकानातून बाटली आणावयास पाठवू नये, ग्लास भरावयास सांगू नये. दमून आल्यावर, दुःखात वा आनंदात दारूशिवाय भागत नाही, हे मूल रोज पाहत असेल, तर आपल्या उपदेशाला अर्थ उरत नाही.

चौथे, मुलाला एक वचन द्यावे : "किती वाजले आहेत याची पर्वा न करता फोन कर. मी न्यायला येईन. त्या रात्री काही विचारणार नाही. दुसऱ्या दिवशी मात्र आपण बोलू." या वचनामुळे एखादा जीव वाचू शकतो.

मूल नशेत घरी आलेच, तर त्या वेळी भांडू नये व मारू नये. त्याला कुशीवर झोपवावे आणि एकटे सोडू नये. ते हाक मारूनही जागे होत नसेल, श्वास मंद झाला असेल किंवा अंग थंड पडले असेल, तर लोक काय म्हणतील याचा विचार न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बोलणे दुसऱ्या दिवशी, शांतपणे करावे.

असे प्रसंग वारंवार घडू लागले, अभ्यास घसरला, पैसे नाहीसे होऊ लागले, तर तो आजार समजून मदत घ्यावी. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची मदतवाहिनी आहे. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथे सुरू केलेली 'कृपा फाउंडेशन' आणि डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात उभे केलेले 'मुक्तांगण' यांनी असंख्य कुटुंबांना हात दिला आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस व कुटुंबीयांसाठी असलेल्या अल-अनॉन यांच्या सभांनाही जाता येते. तेथे जाण्यात कोणतीही लाज नाही.

प्रारंभी उल्लेखिलेल्या त्या वडिलांनी पुढे मुलाची क्षमा मागितली. नंतरच्या वर्षी घरात पुन्हा लग्न निघाले, तेव्हा ते स्वतः पेयांच्या टेबलाजवळ उभे राहिले आणि शाळकरी मुलांच्या हातातले ग्लास त्यांनी काढून घेतले. त्यांचे बंधू रागावले, काही दिवस बोलेनासे झाले. मुलगा आता पूर्णपणे सावरला आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पण रात्री उशीर झाला की तो वडिलांना फोन करतो, आणि वडील त्याला न्यायला जातात.

येत्या लग्नसराईत आपल्याही मांडवात कुणीतरी असे उभे राहावे, आणि त्यासाठी लागणारे धैर्य परमेश्वराने प्रत्येक आईवडिलांना द्यावे, हीच आमची प्रार्थना.