लेकराच्या हक्काचा पैसा

ताईंनो, गटाच्या बैठकीला एखादी मैत्रीण सारखी गैरहजर असते. कारण विचारलं तर घरी उठता-बसता न येणारं लेकरू असतं. त्याला भरवायचं, कूस बदलायची, धुवायचं. रोवणीची मजुरी तिला कुठली मिळणार?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी सांभाळ भत्त्याची तरतूद आहे. केरळात आश्वासकिरणम योजनेत सांभाळणाऱ्या माणसाला महिन्याला 600 रुपये ठरलेले आहेत. आपल्याकडे मुख्य आधार संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा. हा पैसा आईच्या नावानं नाही, लेकराच्या नावानं येतो. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांसाठी रक्कम 1500 वरून 2500 रुपये महिना झाली. लेकरू लहान आहे, मोठं झाल्यावर पाहू, असं म्हणत बसू नका. लहान मुलांसाठीही आईबापाला अर्ज करता येतो. दिव्यांगत्व किमान 40 टक्के हवं, घरचं वर्षाचं उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत.

गाडी अडते ती प्रमाणपत्रावर. आधी यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन नोंदणी करायची, मग सरकारी दवाखान्यात तपासणी. दरेकस्याहून गोंदियाला रेल्वे आहे, पण बारा वर्षांचं लेकरू कडेवर घेऊन एकट्या आईनं जायचं म्हणजे सोपं नाही. गटातली एक बाई सोबत जाऊ द्या, आणि निघण्याआधी तपासणीचा वार विचारून घ्या. 80 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर कार्ड निळ्या रंगाचं मिळतं.

पुढचा अर्ज सालेकसा तहसीलला. कार्ड, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशनकार्ड, आधार, बँक पासबुक न्या. माहेर डोंगरगडकडचं असेल तर लेकराच्या वडिलांचे कागद आधी जमवा. खात्याला आधार जोडलेलं नसेल तर मंजूर झालेला पैसाही अडकतो. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परतू नका. दरवर्षी हयातीचा दाखलाही द्यावा लागतो.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्चायचा असतो. तो कुठं गेला, ग्रामसभेत विचारा. एकटीनं विचारलं तर टाळतात, दहा जणी उभ्या राहिल्या की वही निघते. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल तर निरामय विम्यातून वर्षाला 1 लाखापर्यंत उपचारखर्च मिळतो, त्याचीही चौकशी करा.

पुढच्या बैठकीत अशा घरांची नावं सीआरपी ताईकडे लिहून द्या. गटात नसलेल्या बायांचीही.