हद्दीपलीकडचे तेरा महिने

आमच्या चिखलीहून देऊळगावराजामार्गे जालन्याला जाताना विदर्भ संपून मराठवाडा कधी सुरू झाला, हे एस.टी.तल्या प्रवाशाला कळतही नाही. पण १९४७-४८ साली ही हद्द म्हणजे जणू दोन देशांमधली सीमा होती. अलीकडे स्वतंत्र भारतातला वऱ्हाड, पलीकडे भारतात सामील व्हायला नकार देणारे निजामाचे हैदराबाद संस्थान. त्या राज्याचे स्वातंत्र्य जेमतेम तेरा महिने टिकले. गंमत अशी, की त्याच्या रक्षणाचा विडा उचललेल्या पक्षानेच त्याला रसातळाला नेले.

हा पक्ष म्हणजे मजलिस-ए-इत्तेहाद-उल-मुस्लिमीन. १९२७ साली ती स्थापन झाली ती मुसलमानांमधल्या पंथोपपंथांची एकी करण्यासाठी. पुढे बहादूर यार जंग यांच्यासारखा फर्डा वक्ता अध्यक्षपदी आला आणि तिला राजकीय सिद्धान्त मिळाला : निजाम हा केवळ प्रतीक, खरी सत्ता मुस्लिम समाजाची, प्रत्येक मुसलमान राज्यकर्ता! ज्या राज्यात शंभरातले सुमारे तेराच लोक मुसलमान होते, तिथे हा सिद्धान्त किती स्फोटक होता, हे सांगायला नको.

१९४४ मध्ये बहादूर यार जंग वारले. दोन वर्षांनी सूत्रे गेली लातूरला वकिली करणाऱ्या कासिम रझवीच्या हाती. त्याने रझाकारांची सशस्त्र फौज उभारली. ऑक्टोबर १९४७ मध्ये भारताशी ‘जैसे थे’ करार करायला निजामाचे शिष्टमंडळ दिल्लीला निघणार, तोच पहाटे मजलिसच्या जमावाने त्यांच्या घरांना वेढा घातला. पंतप्रधान छत्रीचे नवाब पायउतार झाले आणि मीर लायक अली त्या जागी आले. ज्याच्या नावाने पक्ष लढत होता, तो निजामच पक्षाच्या मुठीत गेला!

मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत रझाकारांनी लुटालूट, जाळपोळ केली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा सुरूच होता. पण विरोध करणारे केवळ हिंदू नव्हते. भारतात विलीन होण्याची बाजू मांडणाऱ्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १५ तारखेला जालना पडले, १७ ला निजाम शरण आला. दिल्लीवर झेंडा फडकवण्याच्या वल्गना पाच दिवसांत विरल्या.

हिशेब मात्र तिथे मिटला नाही. त्यानंतर सूडाची लाट उसळली. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला. त्यात बहुतेक मुसलमान होते, आणि ज्यांनी कधी रझाकारांचा गणवेश अंगावर चढवला नव्हता, असेही अनेक. समितीचा अहवाल कित्येक वर्षे लोकांसमोर आलाच नाही.

रझवी १९५७ साली तुरुंगातून सुटला, पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये कराचीत वारला. त्याच १९५७ मध्ये अब्दुल वाहिद ओवेसी यांनी मजलिस पुन्हा उभी केली, ती भारतीय राज्यघटनेच्या चौकटीत.

दर १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिन साजरा करतो. तसा तो करावाच. पण मुलांना त्या दिवसाची गोष्ट सांगताना रझाकारांनी जाळलेल्या घरांबरोबर शोएबुल्ला खानांचे नाव सांगावे, आणि नंतर उद्ध्वस्त झालेल्या निरपराध घरांचेही सांगावे. एका धर्माच्या नावाने सत्ता मागणारे पुढारी निसटून जातात. किंमत मोजतात ती दोन्हीकडची साधी माणसे, हे त्यांना त्यातूनच कळेल.