एकट्याचा वाद्यवृंद आणि मदतीचा पैसा

जोयडा तालुक्यातून, म्हणजे जुन्या मंडळींच्या सुप्यातून, अनमोडचा घाट उतरला की गोवा लागतो. तिकडची गाणी आपल्याकडे पूर्वीपासून येतात. हल्ली आपल्या मुलांच्या हातीही गिटार दिसते आणि वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी. ‘यात पोट भरते काय?’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून रेमो फर्नांडिस या गोमंतकीय गायकाची हकीकत सांगतो.

रॉक संगीतास एरवी चार-पाच जणांचा ताफा लागतो. कोणी विजेची गिटार वाजवतो, कोणी ढोल, कोणी गातो. १९५३ साली पणजीस जन्मलेल्या व मुंबईस वास्तुशास्त्र शिकलेल्या रेमोंनी हे सारे एकट्याने केले. १९८४ सालची ‘गोअन क्रेझी’ ही ध्वनिफीत त्यांनी शिवोलीच्या घरीच मुद्रित केली. यंत्र साधे, चार पट्ट्यांचे. पहिल्या पट्टीवर एक वाद्य वाजवून घ्यायचे, मग ते कानाला लावून ऐकत दुसऱ्या पट्टीवर दुसरे, आणि शेवटी गळा. एका पट्टीत ताल चुकला की वरचे सारे डळमळते, म्हणून या कामास गवयापेक्षाही गवंड्याची चिकाटी लागते. वेष्टनाचे चित्र त्यांनीच काढले, आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी फिती पोचवल्याही त्यांनीच. पुढे १९८७ च्या ‘जलवा’ चित्रपटाने नाव देशभर गेले. २००७ साली पद्मश्री मिळाली. पण आधी स्कूटर, मग पद्मश्री, हा क्रम मुलांनी ध्यानात घ्यावा.

१९८६ साली त्यांनी ‘पॅक दॅट स्मॅक’ काढली. विषय गर्दचे व्यसन. त्याच वर्षी पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले आणि पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाने त्यास एक लाख रुपये दिले. पु. ल. हेही एकट्याने रंगभूमी भरून टाकणारे. ‘बटाट्याची चाळ’ आठवावी. दोघांची भाषा निराळी, श्रोते निराळे, पण एकाच दुखण्याकडे एकाने गाण्याने लक्ष वेधले तर दुसऱ्याने पैसा दिला. मला दोन्ही मदतीच वाटतात.

पैशाची मदत मात्र वाटते तितकी सोपी नाही. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे जॉर्ज हॅरिसन व पंडित रविशंकर यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी दोन जलसे केले. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला लौकर पोचले. परंतु ध्वनिमुद्रिका व चित्रपट यांचे उत्पन्न, जे याहून पुष्कळ मोठे होते, ते करखात्याच्या घोळात काही वर्षे अडकले. कारण इतकेच, की जलसा युनिसेफच्या नावे आधीपासून नोंदवलेला नव्हता, म्हणून करमाफी लागू होईना. निर्वासित तोवर थोडेच थांबणार!

आपल्याकडे एखाद्या तरुण गायकाचा कार्यक्रम मदतीसाठी ठेवायचा झाल्यास चार गोष्टी आधी कागदावर याव्यात: पैसा कोणत्या संस्थेच्या खात्यात जाणार, मंडप, वीज व ध्वनिक्षेपक यांचा खर्च कोण सोसणार, तिकिटांचा हिशेब कोण ठेवणार, आणि वादकांना बिदागी किती. या चौथ्या कलमाशी आपली मंडळी अडखळतात. ‘पुण्यकाम आहे, फुकट गा’ असे म्हणून ती मोकळी होतात. मंडपवाल्यास पैसे देतो, वीजवाल्यास देतो. मग ज्याच्या गळ्यावर तिकिटे खपली त्यासच रिकाम्या हाताने का धाडावे? बिदागी त्याच्या हाती ठेवावी. त्यातून मदतनिधीस काही द्यायचे की नाही, ते त्याने घरी जाऊन ठरवावे.