सुगंधाचं नाव असलेलं एन्झाइम

नवरात्राच्या सुमारास आंबेमोहोर भात निसवला, की भोर-वेल्ह्याच्या खाचरांवरून जाताना वाट वासानेच कळते. आपल्या शरीरातल्या एका एन्झाइमच्या नावातही असाच सुगंध आहे: अरोमॅटेज. जुन्या रसायनशास्त्रज्ञांना सुवासिक पदार्थांत सहा कार्बनांचं एक कडं पुन्हा पुन्हा सापडलं, म्हणून त्यांनी त्याला ‘अरोमॅटिक’ म्हटलं. आंबेमोहोराचा वास वेगळ्याच रेणूचा आहे. पण ते सहा कार्बनांचं कडं बाईच्या अंगात रोज तयार होतं, आणि ते घडवतं हे अरोमॅटेज.

कशापासून घडवतं, ते कळलं तेव्हा मी थक्क झालो. पुरुषी संप्रेरकापासून! बाईच्या अंगातलं प्रत्येक इस्ट्रोजेन आधी टेस्टोस्टेरॉन किंवा त्याचं भावंड असतं. अरोमॅटेज त्याच्या १९ कार्बनांतला एक काढून टाकतं, उरतात १८, आणि पुरुषी संप्रेरकाचं स्त्री-संप्रेरक होतं. काढलेला कार्बन फॉर्मिक आम्ल होऊन बाहेर पडतो. आंब्यावरच्या तांबड्या मुंग्या चावल्यावर झोंबतं, तेच हे आम्ल.

पाळी गेली की अंडाशयांचं हे काम थांबतं, तरी इस्ट्रोजेन संपत नाही. भाटघरचे दरवाजे बंद झाले तरी राजगडाच्या उतारावरचे झरे पाझरत राहावेत, तसं काहीसं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कच्चा माल सोडत राहतात आणि चरबीत, स्नायूंत, कातडीत, अगदी स्तनातही अरोमॅटेज त्याचं इस्ट्रोजेन करत राहतं. एरवी ते हाडांना उपयोगीच. पण स्तनात कर्करोगाची गाठ असेल आणि तिच्या पेशींवर इस्ट्रोजेनचा हुकूम झेलणारे रिसेप्टर असतील, तर याच पाझरावर ती गाठ वाढते.

अंडाशयं आणि स्तनांच्या या नात्याचा पहिला सुगावा जनावरांच्या दुधावरून लागला. मेंढ्या आणि गाईंच्या दुधाचा अभ्यास करताना स्कॉटलंडच्या जॉर्ज बीटसन यांच्या लक्षात आलं, की अंडाशयांची स्तनांवर हुकमत चालते. त्यांनी स्तनाचा कर्करोग बळावलेल्या बाईची अंडाशयं काढली, गाठी विरल्या, आणि १८९६ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. तेव्हा इस्ट्रोजेन हे नावसुद्धा नव्हतं! पाळी गेलेल्या बाईचं मात्र काय काढणार? झरे तर सगळ्या अंगभर.

तिथे लेट्रोझोल कामी येतं. रोज एक गोळी, औषध फक्त अडीच मिलिग्रॅम. अरोमॅटेजच्या गाभ्यात लोहाचा एक अणू असतो, रक्त लाल करणाऱ्या हीममधला असतो तसाच. लेट्रोझोलच्या रेणूतला नायट्रोजन त्या लोहालाच धरून बसतो. जागा अडली की कच्चा माल आत येत नाही, आणि शरीरातलं हे रूपांतर ९५ टक्क्यांहून अधिक थांबतं. गंमत अशी, की भातावरच्या पर्णकोष करप्यासाठी फवारतात ते हेक्झाकोनॅझोल बुरशीच्या एन्झाइममधलं लोह अशाच नायट्रोजनने पकडतं. औषधं निराळी, पकड एकच. अ‍ॅनास्ट्रोझोल हे अरोमॅटेज अडवणारं दुसरं औषध लेट्रोझोलसारखंच वागतं. एक्झेमेस्टेन हे तिसरं औषध मात्र अरोमॅटेजला असं चिकटतं, की ते एन्झाइम कायमचं निकामी होतं.

पाळी चालू असलेल्या बाईला नुसती ही गोळी पुरत नाही. इस्ट्रोजेन घटलं की मेंदूकडून अंडाशयांना अधिक जोराचा हुकूम जातो आणि ती जास्तच काम करू लागतात. म्हणूनच हेच लेट्रोझोल बीज तयार व्हावं म्हणून वंध्यत्वावरही देतात.

२०१५ मध्ये सुमारे ३२,००० स्त्रियांच्या माहितीचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. पाळी गेल्यावर पाच वर्षं अरोमॅटेज अडवणारी ही औषधं घेणाऱ्यांत, जुनं टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांच्या तुलनेत, दहा वर्षांतले स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे १५ टक्क्यांनी कमी होते. टॅमॉक्सिफेन रिसेप्टर अडवतं, ही औषधं इस्ट्रोजेनच घडू देत नाहीत.

याची किंमत हाडं आणि सांधे मोजतात. सकाळी बोटं आखडतात, गुडघे धरतात, हाडं विरळ होतात. म्हणून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. त्रास झाला तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. अरोमॅटेज अडवणाऱ्या या तीन गोळ्यांतली एक सोसली नाही तर दुसरी देऊन बघता येते.

पण गोळीची वेळ येण्याआधी गाठ सापडायला हवी. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी स्तनांची तपासणी केली, मॅमोग्राफी नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले होते. आपल्या आया, आत्या, मावश्या याच वयाच्या.

बायॉप्सी झाली की रिसेप्टरचा रिपोर्ट मागून घ्या, गोळी कोणती ते त्यावर ठरतं. आणि हाताला गाठ लागली, तर ती दुखत नाही म्हणून भाताची काढणी उरकेपर्यंत थांबू नका.