एल्डन रिंग : पात्र घडवताना, शस्त्र निवडताना

'एल्डन रिंग' या व्हिडिओ गेममधले पात्र आठ गुणांवर उभे राहते. व्हिगरवर प्राणशक्ती अवलंबून असते. माइंडवर मंत्र आणि खास डावपेच वापरण्याची ऊर्जा ठरते, तर एन्ड्युरन्सवर दमसास आणि अंगावर पेलवणारे वजन. स्ट्रेंथ आणि डेक्स्टेरिटी हे शस्त्रे चालवण्याचे गुण. इंटेलिजन्स जादूसाठी लागतो आणि फेथ प्रार्थनामंत्रांसाठी. आठवा आर्केन जरा गूढ आहे. मेलेल्या शत्रूंकडून वस्तू मिळण्याची शक्यता त्याने वाढते आणि काही शस्त्रांचा रक्तस्रावासारखा परिणामही तीव्र होतो.

जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने हा गेम २५ फेब्रुवारी २०२२ रोजी आणला. दिग्दर्शन हिदेताका मियाझाकी यांचे आणि पूर्वकथेची मांडणी जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची. सोपे, मध्यम, कठीण असे पर्याय यात दिलेलेच नाहीत, त्यामुळे लढाई किती अवघड जाईल हे बऱ्याच अंशी पात्र कसे घडवले यावर ठरते. शत्रूला मारल्यावर रून मिळतात. लेव्हल वाढवायला तेच खर्ची पडतात आणि दुकानदारालाही तेच द्यावे लागतात. पात्र मेले की जवळचे सगळे रून जागीच पडतात. ते परत उचलण्याआधी पुन्हा मरण आले, तर कायमचे गेले. प्रत्येक लेव्हलमागे एकाच गुणात एकच अंक वाढतो आणि पुढची लेव्हल मागच्यापेक्षा महाग पडते. त्यामुळे थोडे इकडे, थोडे तिकडे अशी वाटणी करणारा खेळाडू सगळीकडेच अपुरा पडतो.

सुरुवातीला दहा वर्गांतून एक निवडावा लागतो. या निवडीने पुढचा कोणताही मार्ग बंद होत नाही. सामुराई पुढे जादूगार होऊ शकतो. फरक असतो तो आरंभीच्या अंकांचा आणि साहित्याचा. व्हॅगाबाँडला व्हिगरचे १५ अंक आणि शारीरिक वार पूर्ण थोपवणारी ढाल मिळते. सामुराईकडे उचिगाताना तलवार आणि धनुष्य असते. अॅस्ट्रॉलॉजर दुरून जादू फेकतो. रेच मात्र पहिल्या लेव्हलवर, सगळे गुण १० आणि हातात फक्त सोटा घेऊन उतरतो. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. पहिल्यांदा खेळणाऱ्यासाठी व्हॅगाबाँड किंवा सामुराई सर्वांत सोयीचे.

नवे खेळाडू सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात ते व्हिगरकडे. वाराची ताकद वाढलेली डोळ्यांना दिसते, प्राणशक्तीची पट्टी थोडी लांबली तर जाणवत नाही. पण एका फटक्यात मरणाऱ्या पात्राला शत्रूची चाल शिकायला वेळच मिळत नाही, आणि शत्रूची चाल ओळखणे हाच या खेळाचा गाभा आहे. व्हिगर ४० असताना प्राणशक्ती १४५० असते, ६० वर ती १९०० होते आणि ९९ वर केवळ २१००. म्हणजे ४० ते ६० या वीस अंकांत ४५० ची भर पडते, पुढच्या एकोणचाळीस अंकांत फक्त २०० ची. ज्या अंकानंतर असा लाभ घटत जातो त्याला खेळाडू सॉफ्ट कॅप म्हणतात. खेळाच्या मध्यापर्यंत व्हिगर ४० आणि शेवटाकडे ६०, हे धोरण जवळपास प्रत्येक पात्राला लागू पडते.

व्हिगरनंतर शस्त्र. प्रत्येक शस्त्राला किमान गुणांची अट असते. उचिगातानाला स्ट्रेंथ ११ आणि डेक्स्टेरिटी १५ लागते. अट पूर्ण झाली की पुढे गुण वाढवल्याने वार किती वाढेल, हे शस्त्राच्या माहितीत एस, ए, बी, सी, डी, ई या अक्षरांनी दाखवलेले असते. एस सर्वोत्तम, ई सर्वांत कमी. शहाणपण यात की आधी आवडते शस्त्र ठरवावे आणि मग त्याला लागणारे एकदोन गुणच वाढवावेत. जड शस्त्र दोन्ही हातांनी धरले, तर स्ट्रेंथ दीडपट धरली जाते. त्यामुळे ५४ स्ट्रेंथ असलेला योद्धा ८१ च्या तोलाचा वार करतो. बलदंड पात्रे घडवणारे अनेक जण ५४ वर थांबतात ते याच हिशेबाने.

तरीही सुरुवातीच्या तासांत गुणांपेक्षा शस्त्र मजबूत करणे जास्त फळ देते. उचिगातानाचा मूळ शारीरिक वार ११५ आहे, पूर्ण मजबूत केल्यावर तो २८१ होतो, आणि गुणांमुळे मिळणारी भर त्याहून वेगळी. साधी शस्त्रे स्मिदिंग स्टोनने २५ पायऱ्यांपर्यंत नेता येतात. खास शस्त्रांना सोंबर स्मिदिंग स्टोन लागतात आणि त्यांच्या पायऱ्या १० असतात. पहिल्या तीन पायऱ्या चर्च ऑफ एलेमधल्या ऐरणीवर होतात, पुढचे काम राउंडटेबल होल्डमधला लोहार ह्यूग करतो. दगड खाणींत सापडतात, म्हणून मोठा शत्रू आवरेनासा झाला की आधी जवळची खाण धुंडाळावी. सापडलेले दगड पाच शस्त्रांत वाटून टाकणे ही या टप्प्यावरची सर्वांत महाग पडणारी चूक होय.

चिलखताचा हिशेब सोपा आहे. ते मजबूत करता येत नाही, फक्त बदलता येते. एकूण वजन क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या आत असले, तर वार चुकवण्याची कोलांटी चपळ राहते. ७० टक्के गाठले की ती जड आणि मंद होते. त्या मर्यादेत बसेल तेवढे जाड चिलखत घालावे.

ताईत मात्र विचारपूर्वक निवडावेत. सुरुवातीला एकच जागा असते, पुढे चार होतात. रॅडागॉन्स सोअरसील व्हिगर, एन्ड्युरन्स, स्ट्रेंथ आणि डेक्स्टेरिटी प्रत्येकी ५ ने वाढवते, पण अंगावर येणारा मारही वाढवते. कमी लेव्हलवर, शस्त्राची अट पुरी करायला हा सौदा परवडतो. गुण वाढत गेले की तो ताईत काढून ठेवावा.

घडण चुकलीच, तर राया लुकारिया अकादमीत रेनाला या मोठ्या शत्रूला (बॉसला) हरवल्यावर ती लार्व्हल टिअर नावाचा अश्रू घेऊन सगळे अंक नव्याने वाटू देते. हे अश्रू मोजकेच मिळतात, तरी दोनतीन वेगळे प्रयोग करायला पुरेसे असतात. २१ जून २०२४ रोजी आलेल्या 'शॅडो ऑफ द एर्डट्री' या विस्तारात मात्र लेव्हलवर विसंबून चालत नाही. तिथल्या प्रदेशात स्कॅडूट्री फ्रॅगमेंट गोळा करून वार आणि बचाव वाढवावे लागतात आणि ती वाढ त्या प्रदेशापुरतीच असते. त्यामुळे कितीही वरच्या लेव्हलच्या पात्राने तिथे पोचल्यावर बॉसला भिडण्याआधी हे तुकडे शोधायला निघावे.