माळ्यावरची जोडी भंगारात देण्यापूर्वी

मैत्रिणींनो, दिवाळीची आवराआवर काढली, की माळ्यावरच्या ट्रंकेत मुलाच्या लहानपणीची सुपरमॅन-बॅटमनची जोडी हाती लागते. श्रीरामपुरातही कुणाच्या काकांनी ती परदेशातून आणलेली असते. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी ती जरा पारखून घ्या बरं! हौशी संग्राहक अशा जुन्या बाहुल्यांना चांगले पैसे मोजतात.

अमेरिकेच्या केनर कंपनीने १९८४ साली ‘सुपर पॉवर्स’ नावाची मालिका काढली. तिच्यातल्या सुपरमॅनचे पाय दाबले, की हात ठोसा मारतात. ही करामत अजून चालते का? पाठीवरचा कापडी झगा आहे ना? सांधे ढिले झालेत का? रंग उडालाय का? मूळ खोका असेल, तर किंमत वाढते. अंगावर छापलेलं साल मात्र हक्काचं असतं. बाहुली त्यानंतरही बनलेली असू शकते.

उडालेला रंग घरी लावू नका, त्याने किंमत उतरते. कोरड्या मऊ फडक्याने पुसा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली प्लॅस्टिक वाकतं, तेव्हा कपाटात ठेवा.

लहान नातवाच्या हातीही देऊ नका, सुटे भाग तोंडात जातात. त्याला आय.एस.आय. चिन्हाचं खेळणं घ्या. २०२१ पासून ते सक्तीचं आहे.

आणि हो, विकण्याआधी मुलाला फोन करा. खेळणं त्याचं आहे. न विचारता दिलंत, तर रुसवा वर्षानुवर्षं पुरतो!