छोट्या इंजिनाचा दिवा बदलताना

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगाव–आर्वी मार्गावर 762 मिलिमीटर रुंदीची नॅरोगेज गाडी धावत असे. 1:87 प्रमाणात ही रुंदी पावणेनऊ मिलिमीटर भरते. म्हणून अशी छोटी प्रतिकृती 9 मिलिमीटरच्या रुळांवर चालवतात.

जुन्या प्रतिकृतींत तारेचा बारीक बल्ब असतो. तो तापतो, आसपासचे प्लॅस्टिक मऊ पडते. त्याजागी एलईडी लावता येतो. पण तो थेट 12 व्होल्टला जोडला तर क्षणात जळतो. विद्युतप्रवाह आवरण्यासाठी त्याच्याशी एकसरीत रेझिस्टर हवा.

हिशेब सोपा आहे. पांढऱ्या एलईडीला सुमारे 3 व्होल्ट लागतात. उरलेले 9 व्होल्ट रेझिस्टरवर पडतात. 1000 ओहमचा रेझिस्टर घेतला, तर 9 मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. एवढ्यासाठी पाव वॉटचा रेझिस्टर पुरतो.

डीसीवर चालणारे इंजिन उलटे धावते, तेव्हा रुळांतली धन-ऋण बाजू बदलते. एलईडी उलटा दाब फारसा सोसत नाही, म्हणून चार डायोडांचा ब्रिज आधी लावावा. मग दिवा दोन्ही दिशांना उजळतो. ब्रिजमध्ये दीड व्होल्टच्या आसपास खर्च होतो, उजेड किंचित कमी होतो, इतकेच. रुळांवरच्या धुळीने दिवा लुकलुकत असेल, तर ब्रिजनंतर 25 व्होल्टचा कपॅसिटर जोडावा. त्याची धन-ऋण टोके मात्र नीट पाहावीत.

रंग पिवळसर पांढरा निवडा. निळसर उजेडात जुने इंजिन परके दिसते. मूळ बल्ब जपून ठेवा. संग्राहकासाठी तोही त्या इंजिनाच्या इतिहासाचाच भाग असतो.